ग्लिका नेरा : दक्षिण क्रीटमधला गोड्या पाण्याचा किनारा आणि बाबांचं स्नॉर्कलिंग

वेंगुर्लेकरीण | २ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जर्मनीत स्टुटगार्टला असते. बाबा (वय ६४) ऑगस्टअखेर तीन महिन्यांसाठी येतायत. आई गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडतायत. त्यांचा जन्म वेंगुर्ल्याचा, पोहणं रक्तात. पण मास्क लावून पाण्याखाली त्यांनी कधीच पाहिलेलं नाही. "समुद्रात आत बघूचा काय? मासो ताटात दिसता तेवढो पुरे" असं म्हणतात, पण मागच्या वर्षी माझे माल्टाचे फोटो तीनदा मागून घेऊन पाहिले!

तर सप्टेंबरच्या शेवटी आठ दिवस भूमध्य समुद्रावर कुठेतरी न्यायचंय. अटी: गर्दी नको, गाणी वाजवणारे बीच क्लब नकोत, किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरता यावं (स्कूबा नाही, फक्त स्नॉर्कल, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी), आणि रोज संध्याकाळी बाबांना बसायला एखादं शांत ठिकाण हवं. कुणी गेलंय का अशा ठिकाणी?

चहाबाज | २ जून, रात्री १०:४०

सँटोरिनी! डोळे झाकून.

वेंगुर्लेकरीण | २ जून, रात्री १०:५२

डोळे झाकून गेलं तरच शांत वाटेल हो ते :) पहिली अट परत वाचा.

भटकभवानी | ३ जून, सकाळी ७:३०

तुमची अट वाचून एकच नाव डोक्यात आलं. ग्रीसच्या क्रीट बेटाचा दक्षिण किनारा, स्फाकिया भाग. त्यातही ग्लिका नेरा. आम्ही दोनदा गेलोय.

आधी भूगोल, म्हणजे तिथे शांतता का आहे ते कळेल. क्रीटची मोठी शहरं आणि मोठी हॉटेलं सगळी उत्तरेला. दक्षिणेला लेफ्का ओरी म्हणजे 'पांढरे डोंगर' थेट समुद्रात उतरतात. सगळ्यात उंच शिखर पाख्नेस, २४५३ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा आठशे मीटर उंच, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे किनाऱ्याने सलग रस्ता काढताच आला नाही. हानियाहून (आपण नकाशावर 'चनिया' वाचतो ते) सत्तर-एक किलोमीटरचा घाटरस्ता होरा स्फाकियोनला येतो. तिथून वर अनोपोलीला जाता येतं, पण किनाऱ्याने पश्चिमेला जायचं तर होडी किंवा पाय.

पुढचं गाव लुत्रो. तिथे गाडी पोचतच नाही. पांढरी घरं, निळी दारं, घोड्याच्या नालासारखा बंदर-खोलगा आणि मागे उघडा डोंगर. संध्याकाळची शेवटची बोट गेली की गावात फक्त ताटल्यांचा आवाज. तुमच्या वडिलांच्या बसण्याची सोय इथे लावा.

होरा आणि लुत्रोच्या मधे ग्लिका नेरा. शब्दशः 'गोडी पाणी'. इंग्रज ज्याला ताजं पाणी म्हणतो त्याला ग्रीक माणूस आपल्यासारखंच गोडं म्हणतो, मला याची फार गंमत वाटली. डोंगरावरचं बर्फ वितळून चुनखडीच्या भेगांतून खाली झिरपतं आणि किनाऱ्यावरच्या गोट्यांतून वर येतं. हाताने खड्डा केलात की पिण्याजोगं गार पाणी, आणि चार पावलांवर खारा समुद्र.

जायचे तीन मार्ग:
होराहून अनोपोलीच्या रस्त्याने तीनेक किलोमीटर वर पहिल्या मोठ्या वळणापाशी पायवाट फुटते, होराहून सगळं मिळून तास-सव्वा तास. कड्यात कोरलेली वाट आहे, डावीकडे खाली सरळ समुद्र. चक्कर येणाऱ्याने जाऊ नये.
लुत्रोहून चालत तासभर. ही जरा बरी.
नाहीतर हंगामात छोटी होडी. होडीत चढायच्या आधी भाव ठरवा, उतरताना नाही.

किनाऱ्यावर वाळू नाही, गोटे आहेत. पाण्यातले बूट हवेतच. झाडं नावालाच, सावली थोडी. कड्याच्या अगदी पायथ्याशी चटई टाकू नका, वरून बकऱ्या दगड पाडतात. हे थट्टेने नाही लिहिलेलं.

अनया_पुणे | ३ जून, सकाळी ९:०५

वाचतेय. शाकाहारी माणसाचं काय होतं तिथे? की आठ दिवस फ्रेंच फ्राइज?

भटकभवानी | ३ जून, सकाळी ९:३०

उलट. 'निस्तीसिमो' हा एक शब्द पाठ करा. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपासाचे दिवस वर्षात ढिगाने, त्यात मांस, दूध, अंडं काही चालत नाही. त्यामुळे उपासाचं जेवण प्रत्येक खानावळीला ठाऊक असतं. मात्र उपासाला शिंपले आणि कोळंबी चालतात त्यांना, तेवढं वेगळं सांगा. भरल्या भाज्या, रानभाज्या तेल-लिंबात (होर्ता), पिवळ्या डाळीचं घट्ट वरण वाटावं असा फावा. आणि उपास नसेल तर स्फाकियाची पिता: आत मिझिथ्रा चीज भरून पातळ लाटलेली, वरून मध. थेट पुरणपोळीची चुलत बहीण. आमच्या सासूबाईंनी "लाटणं कुठलं वापरतात विचार" म्हणून मला स्वयंपाकघरात पाठवलं होतं.

कट्टेकरी_७ | ३ जून, दुपारी १:१२

तिथे म्हणे लोक कपडे न घालता फिरतात? वडिलांना घेऊन जाताय म्हणून विचारलं, ह. घ्या.

भटकभवानी | ३ जून, दुपारी १:४०

असतात काही. बहुतेक किनाऱ्याच्या एका टोकाला. कुणी कुणाकडे बघत नाही. आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

वेंगुर्लेकरीण | ३ जून, रात्री ८:२०

बाबांना फोनवर सांगितलं. उत्तर: "माका चष्म्याशिवाय दहा फुटांपलीकडचा काय दिसता?" विषय संपला.

पण यावरून आठवलं, चष्म्याचं काय करायचं पाण्यात? उणे साडेतीन आहे.

खारावारा | ३ जून, रात्री ९:०२

मालवणात सहा-सात हंगाम पर्यटकांना पाण्यात उतरवलंय, म्हणून लिहितो.

नंबरचे मास्क मिळतात, काचा तयार असतात, उणे साडेतीन सहज मिळेल. पाण्यात वस्तू तशाही तिसऱ्या हिश्शाने मोठ्या दिसतात, त्यामुळे अर्धा नंबर कमी मिळाला तरी चालतं. मिशी असेल तर मास्कच्या कडेतून पाणी शिरतं, वर थोडं व्हॅसलीन लावा. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला थर असतो, टूथपेस्टने दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर वाफ धरते. पुढे रोज थुंकी, ती सगळ्यात बेस्ट.

आता महत्त्वाचं. चांगला पोहणारा आणि स्नॉर्कल नवीन, हीच जोडी आम्हाला सगळ्यात जास्त त्रास देते. बुडण्याची भीती नसल्यामुळे ही माणसं थांबत नाहीत. नळीतून श्वास घेणं म्हणजे जास्तीचं काम, त्यात पाणी गार, त्यात वय. तेव्हा:

- निघायच्या आधी डॉक्टरला हृदय आणि बीपी दाखवून घ्या.
- पूर्ण तोंड झाकणारा मास्क आणू नका. साधा मास्क, साधी नळी. पाणी गेलं तर थुंकून काढता आलं पाहिजे.
- पहिला दिवस कमरेएवढ्या पाण्यात, नुसतं उभं राहून तोंड खाली.
- केशरी फुगा (तरंगता बोया) दोरीने बांधून घ्या. होड्या येतात-जातात, डोकं दिसत नाही.
- धाप लागली तर पाठीवर झोपायचं, नळी काढायची. पोहत किनारा गाठायचा प्रयत्न करायचा नाही.

तिथलं पाणी आपल्यापेक्षा खारं आहे, पूर्व भूमध्यात किलोला ३९ ग्रॅमच्या आसपास मीठ, आपल्याकडे ३६ च्या आतबाहेर. माणूस बऱ्यापैकी तरंगतो.

रामभाऊ_ठाणेकर | ४ जून, सकाळी ११:४५

एवढं सगळं कशाला? मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या मागे प्रवाळ आहे, मासे आहेत, आणि जेवायला बांगडा. विमानाचे पैसे वाचतील.

खारावारा | ४ जून, दुपारी १२:१०

रामभाऊ, माझं पोट त्यावरच आहे, मी नाही म्हणणार नाही. पण चांगल्या दिवशी आमच्याकडे चार-सहा मीटर दिसतं, आणि हंगामात एका खडकावर पन्नास माणसं. त्यांनी शांतता मागितलीय.

शेवाळ | ४ जून, रात्री ११:३०

समुद्रजीवशास्त्र हा पोटापाण्याचा विषय असल्याने राहवत नाही. लांबलचक आहे, आधीच माफी.

भूमध्यात जाताना एक अपेक्षा घरी ठेवून जा: 'भरपूर मासे'. पाणी एवढं निळं आणि नितळ का, तर त्यात खायला नाही म्हणून. पूर्व भूमध्य हा जगातल्या सगळ्यात उपाशी समुद्रांपैकी एक. फॉस्फरस जेमतेम, मोठ्या नद्या मोजक्या, आणि नाईलचा सुपीक गाळ १९७० मध्ये आस्वान धरण पुरं झाल्यापासून तिकडे पोचत नाही. सूक्ष्म वनस्पती कमी, म्हणून गढूळपणा कमी, म्हणून तीस मीटरवरचा दगड दिसतो. कोकणात नेमकं उलटं: पावसाळ्यात खालचं खाद्य वर येतं, पाणी हिरवं-गढूळ होतं आणि म्हणूनच आपल्याकडे बांगडा-तारली आहे. एकाच समुद्राकडे नितळपणा आणि ताटभर मासे दोन्ही मागू नका.

मासेच हवे असतील तर राखीव क्षेत्र गाठा. फ्रान्सचं पोर-क्रो बेट १९६३ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे पाण्याखालची आखलेली स्नॉर्कल-वाटही आहे. सिसिलीजवळचं उस्तिका १९८६ पासून संरक्षित. मासेमारी थांबली की हेकरूसारखे मोठे मासे कसे परततात ते तिथे दिसतं. ग्लिका नेरावर ते दिसणार नाही. दिसेल ते हे:

खडकांवर हिरवा-निळा-केशरी पट्ट्यांचा चिमुकला रास मासा (थालासोमा पावो), हा सगळीकडे. पोपटमासा, तोही भूमध्याचा स्वतःचा. त्यात मादी भडक लाल-पिवळी आणि नर राखाडी, नेहमीच्या उलट. कपारीत वाम. ऑक्टोपस शोधायचा तर ऑक्टोपस शोधू नका, शिंपल्यांचा आणि दगडांचा नीट रचलेला ढीग शोधा. त्यामागे तो बसलेला असतो.

वाळू असेल तिथे पोसिडोनिया ओशियानिका. हे शेवाळ नव्हे (माझं नाव असलं तरी), फुलं येणारं समुद्री गवत आहे, ही जात जगात फक्त भूमध्यात. त्यावर उभं राहू नका. किनाऱ्यावर त्याची वाळलेली पानं साठतात, लोक कचरा समजून नाकं मुरडतात. तेच किनारा धरून ठेवतं.

आणि आता तुमच्या वडिलांसाठी खास. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला तेव्हापासून तांबड्या समुद्रातून आपल्या बाजूचे मासे तिकडे घुसतायत. पाणी तापतंय तसा वेग वाढलाय. आज क्रीटच्या दक्षिणेला लायनफिश आहे. विषारी काट्यांचा, हात लावू नका, लागलाच तर सोसेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवायचा, पाखट लागल्यावर करतो तसंच. सशासारख्या तोंडाचे सिगानस मासे कळपाने येऊन खडकांवरचं शेवाळ साफ खरवडतात. बोडका खडक दिसला तर समजा त्यांचं काम. आणि लागोसेफालस, चंदेरी गालांचा, विषारी. भूमध्यात तो पहिल्यांदा २००३ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर नोंदला गेला. मच्छीमारांची जाळी फाडतो. वडिलांना दाखवा, ते नाव सांगतील.

चहाबाज | ५ जून, सकाळी ८:००

सँटोरिनी मागे घेतो. वाचनखूण साठवली.

वेंगुर्लेकरीण | ५ जून, रात्री ९:१५

शेवाळ, भटकभवानी, खारावारा, काय बोलू! तिकिटं काढली. लुत्रोत सहा रात्री, हानियात दोन. रामभाऊ, पुढच्या डिसेंबरात मालवण नक्की, खारावारांकडेच.

वेंगुर्लेकरीण | ९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

आलो परत! उशीर झाला, बाबा अजून इथे आहेत आणि रोज संध्याकाळी फोटो बघायचा कार्यक्रम असतो.

पहिल्या दिवशी हानियाहून बसने घाट उतरताना बाबा गप्प. शेवटच्या वळणावर खाली समुद्र दिसला तेव्हा एकच वाक्य: "ह्येका वासच नाय." बस थांबल्यावर परत तेच म्हणाले. खरंच की! बंदरात उभे होतो, होड्या, जाळी, दोर, सगळं होतं, पण आपल्या बंदराचा तो खारट-कुजका-सुक्या मासळीचा वास नाही. ओहोटीला उघडा पडणारा चिखल नाही, कारण ओहोटीच जेमतेम वीतभर. बाबा दोन दिवस पाण्याची रेघ बघत होते, "भरती कधी लागता?" म्हणून. शेवाळ, तुमची पोस्ट त्यांना वाचून दाखवली तेव्हा म्हणाले, "उपाशी समुद्र. बरोबर आसा."

खारावारांच्या आज्ञेनुसार पहिला दिवस लुत्रोतच, कमरेएवढ्या पाण्यात. मिशीला व्हॅसलीन. (मिशी काढायची सूचना मी केली होती, ती फेटाळण्यात आली.) पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं आणि लगेच वर काढलं. मी घाबरले. तर म्हणतात, "माझे पाय दिसतत!" चौसष्ट वर्षं समुद्रात पोहलेला माणूस, पाण्यातले स्वतःचे पाय पहिल्यांदा बघत होता.

दुसऱ्या दिवशी होडीने ग्लिका नेरा. सकाळी नऊला आम्ही धरून सात माणसं, मागे उभा तांबूस कडा. पाण्यात शिरताना एक गंमत झाली ती सांगते. गोडं पाणी हलकं, म्हणून ते गार असूनही वरच तरंगतं. त्यामुळे किनाऱ्याजवळ छातीला बर्फ आणि पायांना उबदार! आपल्या अनुभवाच्या अगदी उलट. आणि दोन पाणी मिसळतात तिथे मास्कमधून सगळं थरथरतं, साखरेच्या पाकात पाणी ओतल्यावर दिसतं तसं. बाबांना वाटलं नंबर चुकला. दहा-पंधरा हात पुढे गेलो आणि एकदम पडदा सरकल्यासारखं स्वच्छ. खाली पांढरे गोटे, त्यावर उन्हाच्या जाळ्या हलतायत, आणि बाबांची सावली तळावर, त्यांच्यासारखीच सावकाश पोहतेय.

कड्यावर पाण्याच्या वर, माणसाच्या डोक्याच्याही वर, एक आडवी खाच दिसते, कुणी करवतीने कापल्यासारखी. लुत्रोतल्या खानावळवाल्या आजोबांनी सांगितलं, ती जुनी समुद्ररेषा. इसवी सन ३६५ च्या भूकंपात क्रीटची पश्चिम बाजू उचलली गेली, काही ठिकाणी नऊ मीटरपर्यंत. बाबांना हे सगळ्यात आवडलं. पाण्यात आडवं पडून ते खडकापेक्षा त्या रेषेकडेच जास्त बघत होते.

तिसरा दिवस वाया. दक्षिणेचा वारा सुटला, बोटी बंद, लाटा गोट्यांवर आपटून पोत्यातून नारळ ओतल्यासारखा आवाज. लुत्रोत बसून होतो. याच गावाचं जुनं नाव फिनिक्स, बायबलमध्ये संत पॉलची बोट हिवाळ्यासाठी याच बंदराला यायला निघाली होती आणि वाऱ्याने भरकटली. तो वारा आणि हा वारा वेगळा, पण एक दिवस अडकल्यावर सहानुभूती वाटते. एक सूचना: परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री लुत्रोत राहू नका. आम्ही हानियाच्या दोन रात्री शेवटी ठेवल्या होत्या म्हणून वाचलो.

चौथ्या दिवशी लुत्रोहून चालत गेलो. वाट बाबांना जमली, मला दोनदा बसावं लागलं. त्या दिवशी पूर्वेच्या टोकाच्या खडकांपाशी पोहत होतो. ऑक्टोपस नाही सापडला. (ढीग तीन सापडले, मालक घरी नव्हते.) लायनफिश एक, कपारीत उलटा टांगलेला, नवरीच्या ओढणीसारखा. बाबा हात मागे बांधून बघत होते, देवळात उभं राहावं तसे. मग वाळूवर एक राखाडी, चंदेरी पोटाचा, मोठ्या डोळ्यांचा मासा अंगापेक्षा लहान पंख हलवत हळूच गेला. बाबांनी नळी काढली, डोकं वर, आणि त्या शांत किनाऱ्यावर दोन जर्मन आणि एक कपडे नसलेले आजोबा दचकतील एवढ्या मोठ्याने:

"अगो, ह्यो तर केंड! हो हयसर खयसून इलो?"

शेवाळ, लागोसेफालस म्हणजे केंड हे तुम्हाला माहीत होतं ना?

शेवाळ | ९ ऑक्टोबर, रात्री ११:०५

होतं. मुद्दाम नाव लिहिलं नाही :)

केंड हे त्या सगळ्या फुगणाऱ्या माशांच्या कुटुंबाचं कोकणातलं नाव. वडिलांनी पाहिला तो त्यातलाच असणार.

खारावारा | १० ऑक्टोबर, सकाळी ६:५०

काकांना नमस्कार सांगा. केंडाने आमच्याकडे जाळ्यांची चाळण केलीय, तिकडेही पोचला म्हणजे बघा. तिथले लोक खातात का?

वेंगुर्लेकरीण | १० ऑक्टोबर, सकाळी ९:२०

नाही, विकायलाही बंदी आहे म्हणे. संध्याकाळी बाबांनी त्या खानावळवाल्या आजोबांना फोटो दाखवला. त्यांना इंग्रजी येईना, बाबांना ग्रीक येईना. आजोबांनी हाताने जाळं फाडून दाखवलं, बाबांनी तसंच फाडून दाखवलं, मग दोघंही आपापल्या भाषेत पाचेक मिनिटं त्या माशाला शिव्या देत होते. त्यानंतर रोज आमच्या टेबलावर रकीचा (तिथली द्राक्षांची दारू) छोटा शिसा न मागता यायचा. लायनफिश मात्र तिथे आता खातात, काटे काढून. आम्ही एकदा खाल्ला. बाबांचा शेरा: "बरो आसा, पण तिरफळा व्हयी होती."

अनया_पुणे | १० ऑक्टोबर, सकाळी १०:००

किती छान लिहिलंय! काका पुन्हा येणार का? आणि ते गोट्यांतलं गोडं पाणी प्यायलात का खरंच?

वेंगुर्लेकरीण | १० ऑक्टोबर, रात्री ८:४५

प्यायलो. चव वेंगुर्ल्याच्या आमच्या विहिरीसारखी, असं बाबांचं मत. मला काही तसं वाटलं नाही, पण मी बोलले नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी एक बाटली भरून घेतली, हातातल्या पिशवीत ठेवली आणि मला सांगितलं नाही. हानियाच्या विमानतळावर तपासणीत अडकली. तिथल्या मुलीने कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. बाबांनी झाकण उघडलं, आणि मागे रांग थांबलेली असताना उभ्या उभ्या ती अख्खी लिटरभर बाटली पिऊन टाकली.